उद्यापनानंतरची ऋषिपंचमी

ऋषिपंचमीला बैलाच्या मेहनतीचं काही खायचं नाही, हा नियम मला बाराखडीच्या आधी पाठ होता. ज्या वावरात नांगर चालला, वखर चालला, त्या वावरातला दाणा त्या दिवशी तोंडात घालायचा नाही. मग खायचं काय? तर परसात हातानं खोदून जे लावलं असेल ते. अंबाडी, दोडकी, कोहळं, धोप्याची म्हणजे अळूची पानं, मक्याचं कणीस. भात पाहिजेच असेल तर पसईचा, म्हणजे तळ्याच्या काठाला आपोआप उगवणाऱ्या धानाचा. सगळ्या भाज्या एका गंजात शिजवायच्या, तिखट नाही, फोडणी नाही. ऋषींची भाजी म्हणतात तिला. ऋषींना आवडत असेल बाप्पा, मला कधी आवडली नाही.

नियम ऐकायला किती छान वाटतो. पोळा होऊन चार-पाच दिवस झालेले असतात, बैलांच्या शिंगांचा रंग अजून उतरलेला नसतो, आणि घरातल्या बाया म्हणतात, आज त्या मुक्या जिवाच्या घामाचं खायचं नाही. शहरातले लोक हे ऐकून माना डोलवतात. मला चीड येते. सरकी लावते बाई, निंदण करते बाई, कापूस वेचते बाई, सोयाबीन सोंगते बाई. तिच्या घामाचं खायचं नाही असा एक दिवस अख्ख्या पंचांगात शोधून सापडत नाही. बैलाला पोळ्याला पुरणपोळी आणि बाईला पंचमीला उपास, असा सगळा न्याय आहे.

आमचं गाव सेलू तालुक्यात, हिंगणीच्या अलीकडे. आता गावात बैलजोड्या बोटावर मोजण्याएवढ्या राहिल्यात. वहिनी लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं विचारलं होतं, वावर ट्रॅक्टरनं नांगरलं तर त्यातलं चालतं का? पोरीचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. पण आमच्याकडे मोठी आई आहे. मोठी आई म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको, आणि व्रतवैकल्यांचं आमच्या घराण्यातलं हायकोर्ट. तिनं निकाल दिला की ट्रॅक्टर बैलाच्या जागी जुंपला, म्हणजे तो पण बैलच. त्यावर अपील नसतं. वहिनी खुरपं घेऊन परसात गेली.

पोथी वाचायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं. आई अक्षर लावून लावून वाचायची आणि मोठ्या आईला तेवढा धीर नव्हता. पाटावर वाळू पसरून त्यावर आठ गोटे मांडलेले असायचे, सात ऋषी आणि आठवी अरुंधती. हे गोटे आई पवनारला धाम नदीवर आंघोळीला जायची तेव्हा पात्रातून निवडून आणायची. गुळगुळीत, एकसारखे. त्यांच्यासमोर बसून मी वाचायची आणि बाया हातात अक्षता धरून ऐकायच्या.

कहाणी अशी आहे. एक ब्राह्मण होता, त्याची बायको होती. बायकोनं पाळी आली असताना विटाळ पाळला नाही, घरभर शिवाशिव केली. त्या दोषानं ती पुढच्या जन्मी कुत्री झाली, आणि तिच्या संगतीनं नवरा बैल झाला. दोघंही आपल्याच मुलाच्या दारात आले, पण मुलाला ते माहीत नाही. एक दिवस मुलाच्या घरी श्राद्ध होतं, ह्यांचंच. खिरीचं भांडं उघडं राहिलं, त्यात सापानं गरळ टाकली. कुत्रीनं ते पाहिलं. ही खीर खाऊन ब्राह्मण मरतील आणि लेकाला पाप लागेल, म्हणून तिनं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भांड्यात तोंड घातलं. खीर फेकून द्यावी लागली. सुनेनं चुलीतलं जळतं लाकूड काढून कुत्रीच्या कमरेत घातलं आणि त्या दिवशी तिला उष्टंसुद्धा टाकलं नाही. रात्री गोठ्यात कुत्री बैलाजवळ गेली आणि म्हणाली, आज माझी कंबर मोडली, मी उपाशी आहे. बैल म्हणाला, मलाही दिवसभर तोंड बांधून नांगराला जुंपलं होतं. हे बोलणं मुलानं ऐकलं. तो ऋषींकडे गेला, त्यांनी पंचमीचं व्रत सांगितलं, सुनेनं ते केलं आणि आईबाप सुटले.

ही कहाणी मी मोठ्यानं वाचली त्या वर्षी माझी पाळी नुकतीच सुरू झाली होती. वाचता वाचता मला कुत्रीच्या मोडक्या कमरेचं रडू आलं. मी विचारलं, सगळ्यांचा जीव वाचवला कोणी? कुत्रीनं. शिवली म्हणूनच वाचले ना लोक? मग तिलाच मार कशाला? मोठी आई म्हणाली, "तुले वाचाले बसवलं, इचाराले नाई." बाया हसल्या. आई हसली नाही.

पुढं कळत्या वयात दुसरी गोष्टही कुठंतरी वाचली. इंद्रानं वृत्राला मारलं, त्याला ब्रह्महत्येचं पाप लागलं. ते पेलवेना म्हणून त्यानं वाटून दिलं, थोडं आगीला, थोडं नदीला, थोडं डोंगराला आणि थोडं बायकांना. बायकांच्या वाट्याचं ते दर महिन्याला दिसतं म्हणे. घ्या आता. खून करणार इंद्र आणि धुणं धुणार आमची आई. इंद्र स्वर्गात बसला आहे, त्याला एकही उपास नाही.

आई दर महिन्याला सपरीत बसायची, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत. गोणपाटावर, भिंतीला टेकून. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. बाबा त्या दिवसांत स्वतः चूल पेटवायचे, भाकर बडवायचे, ती जळायची, आणि ते आईला दुरूनच ताट सरकवायचे. ती का बसली आहे ते त्यांना माहीत होतं, पण त्यावर दोघांत आयुष्यभरात एक शब्द झाला नाही. बाबा वाईट माणूस असते तर मला हे सगळं लिहायला सोपं गेलं असतं. ते वाईट नाहीत. आईला ताप आला तर बैलगाडी जुंपून सेलूच्या डॉक्टरकडे नेणारे, तिच्यासाठी बाजारातून न सांगता शेवचिवडा आणणारे. फक्त कमरेखालचं दुखणं हा विषय आमच्या घरात नव्हता.

मग आईची पाळी बंद झाली. त्यानंतर रीतीप्रमाणे काही वर्षं पंचमी करून तिनं उद्यापन केलं. उद्यापन म्हणजे व्रताचा शेवट, त्यानंतर बाई मोकळी. आईला इतकी खुशीत मी माझ्या लग्नातही पाहिली नव्हती. माझं सासर देवळीचं, मी दोन दिवस आधीच आले होते. त्या वर्षी आईची कंबर धरली होती, तिला परस खोदणं झालं नव्हतं, पण उन्हाळ्यात ती लग्नाला माहेरी गेली असताना बाबांनी वाफे तयार करून ठेवले होते. माती अशी भुसभुशीत की अंबाडी मांडीएवढी वाढली. आईनं ती स्वतः खुडली, शिजवली, सात सवाष्णींना वाढली. बाया म्हणाल्या, सुटली बाई तू.

आणि खरंच सुटली होती. त्यानंतर तिनं महिन्याचे सगळे दिवस देवघरात पाय टाकला. लोणच्याच्या बरणीत कधीही हात घातला. महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, आल्या की शेजारपाजारच्या बाया तिला बोलावून न्यायच्या, मुखवटे चढवायला, साडी नेसवायला, कारण तिच्या हातचा चुण्या पाडलेला पदर कोणाला जमत नसे. आयुष्यभर हात आखडून बसलेली बाई चारचौघांत हात पसरून वावरत होती. मी तिला चिडवायची, आता तू गावाची सासू झालीस. ती म्हणायची, होऊ दे की.

काही वर्षांनी मी गणपतीला माहेरी गेले, तर पंचमीच्या पहाटे आई कुंपणाशी आघाडा तोडताना दिसली. पंचमीला आघाड्याच्या काड्यांनी दात घासतात. मला वाटलं वहिनीसाठी तोडते आहे. पण तिनं स्वतःच काडी तोंडात घातली, बायांसोबत ऑटोत बसून पवनारला गेली, नदीत डोकं बुडवून आली आणि गोट्यांसमोर बसली. ताटात पुन्हा ती ऋषींची भाजी. मी म्हटलं, अगं, तुझं उद्यापन झालं ना? ती म्हणाली, मन झालं. मोठी आई कौतुकानं म्हणाली की पुण्य कधी वाया जात नाही. त्या वर्षी महालक्ष्म्यांना आई कोणाकडे गेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. देवघरात दिवा वहिनी लावायची. लोणचंही वहिनीनंच घातलं. म्हातारी झाली, असं आम्ही सगळे म्हणालो. ह्या वयात बाईनं मागं सरकून बसणं किती शोभून दिसतं.

दुसऱ्या वर्षीही तिनं पंचमी केली. दिवाळीनंतर वहिनीचा मला फोन आला. रिकाम्या गोठ्यात, जुन्या कडब्याच्या मागं, पोत्याखाली तिला वाळत घातलेल्या चिंध्या सापडल्या होत्या. धुतलेल्या, पण डाग न गेलेल्या. तिच्या नव्हत्या. घरात दुसरी बाई एकच.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेले आणि आईला गाडीत घालून वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. बाबा मागून येतो म्हणाले आणि सपरीतच बसून राहिले, कारण कोणत्या दुखण्यासाठी नेतो आहोत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

डॉक्टरीण तरुण होती, बोलायला साधी. तिनं विचारलं, कधीपासून अंगावरून जातं आहे? आईनं महिने सांगितले नाहीत. म्हणाली, दोन पंचम्या झाल्या. डॉक्टरीण माझ्याकडे पाहायला लागली. मग तपासण्या झाल्या, तुकडा काढून पाठवला, आणि गर्भपिशवीचा कॅन्सर असून तो बाहेर पसरला आहे असं निघालं. पाळी गेल्यावर पुन्हा एक थेंब जरी दिसला तरी लगेच यायचं असतं, असं डॉक्टरीण म्हणाली. सुरुवातीला आल्या असत्या तर पिशवी काढून मोकळं करता आलं असतं.

बाहेर बाकावर मी आईला विचारलं. रागानंच विचारलं. दोन वर्षं रक्त जात होतं आणि तू काय केलंस, तर उपास? ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग तिनं सांगितलं. त्या उद्यापनाच्या वर्षी परसातले वाफे बाबांनी हातानं खोदले असं तिला वाटलं होतं. पुढं बाबांनी बैलजोडी विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईकासमोर बैलांची तारीफ करताना ते म्हणाले, अशी गरीब जोडी, की परसात वखर फिरवला तरी शेवग्याच्या झाडाला धक्का नाही लागला. आईनं हे दारामागून ऐकलं.

"माह्या उद्यापनाची अंबाडी बैलाच्या मेहनतीची होती," आई म्हणाली. "मंग दोष कसा जाईन? आला वापस. पुन्हा पंचम्या करून फेडावं म्हटलं."

मी म्हटलं, निदान बाबांना तरी सांगायचं होतंस.

"त्यायले कसं सांगू व? त्यायनं माही कंबर दुखते म्हणून वखर फिरवला. जीवाले लावून घेतलं असतं."

मला त्या बाकावर कोणाचा तरी गळा धरावासा वाटला. पण धरायचा कोणाचा? कहाणी लिहिणारा मरून किती शतकं झाली. मोठी आई आपल्या घरी शेंगा फोडत बसली असेल. लोक मला नंतर म्हणाले, लेकीला तरी कळायला पाहिजे होतं. कसं कळणार होतं? ज्या घरात बाईचं रक्त म्हणजे फेडायचं पाप, तिथं ते दुखणं आहे हे बाईलाच कळत नाही, तर लेकीला काय घंटा कळणार. मी हा ठपका घेत नाही. माझ्या आईला उपासानं बरं करायला निघालेल्या कहाणीनं तो घ्यावा.

औषधपाणी झालं, विजेचे शेक झाले, केस गेले. उन्हाळा लागता लागता डॉक्टरीण म्हणाली, आता घरी न्या. आईनं स्वतःच सांगितलं की मला सपरीत खाट टाका. आम्ही नको म्हटलं, आत पंखा आहे. ती म्हणाली, मले तिथंच सवय हाय. तर ज्या भिंतीला टेकून तिनं दर महिन्याचे दिवस काढले होते, त्याच भिंतीशी तिची खाट पडली. आता मात्र बाबा दुरून ताट सरकवत नव्हते. जवळ बसून चमच्यानं पेज भरवायचे. एका दुपारी तिनं त्यांना वखराचं सांगितलं. मी आत भांडी घासत होते, सगळं ऐकू येत होतं. बाबांनी पेजेची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, अजून घेशील का थोडी. तिनं नको म्हटलं. पावसाळ्याच्या तोंडाशी ती गेली.

मोठी आई तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणाली की दोषात गेली बिचारी, आता सुनेनं तिच्या नावानं पंचमी धरली पाहिजे, कहाणीत धरली तशी, नाहीतर गती नाही. वहिनीनं मान खाली घातली. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले, पंचमी मी धरतो. मोठी आई म्हणाली, हे बायांचं व्रत आहे, तुमाले कायचा विटाळ? बाबा म्हणाले, मी धरतो.

त्यांनी धरली. भर पावसात परसात बसून ते खुरप्यानं वाफे खोदत होते. ट्रॅक्टर नाही, मजूर नाही, वहिनीलाही हात लावू दिला नाही. तळहाताला फोड आले तरी सोडलं नाही. मी देवळीहून आले आणि त्यांच्यासमोर खाली बसले. म्हटलं, बाबा, डॉक्टरनं काय सांगितलं ते मी तुम्हाला पुन्हा सांगते. तो रोग होता. वखर फिरवला नसता तरी झाला असता. तुमच्या वखरानं काही झालं नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मान हलवली.

"असन," ते म्हणाले. "पण तिनं तं तसंच समजलं ना."

शिकलेल्या माणसाला रोग समजावता येतो, पण मेलेल्या बाईची समजूत कोण बदलणार? आणि ती तशी समजून मेली, हे तर खरंच आहे.

पंचमीच्या सकाळी त्यांनी आघाड्याच्या काडीनं दात घासले. आईनं ठेवलेले आठ गोटे पाटावर मांडले. अंबाडी त्यांनीच खुडली, त्यांनीच शिजवली, ती थोडी करपली. मग मला म्हणाले, वाच. वहिनी दारात उभी होती, मोठी आई आलीच नव्हती. मला ती पोथी चुलीत घालायची होती, पण त्यांच्या हातातल्या अक्षता पाहून मी बसले. सापाची गरळ झाली, जळतं लाकूड झालं, मोडकी कंबर झाली. रात्री कुत्री बैलाजवळ गेली आणि तिनं आपलं दुखणं त्याला सांगितलं, इथवर आले, तर बाबांनी हात वर केला.

"कुत्रीनं बैलाले सांगतलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो.

"तिनं सांगतलं," ते म्हणाले. "कुत्री होती तरी सांगतलं. अन् आपल्या घरी कोणी कोणाले काईच सांगतलं नाई."

अक्षता त्यांच्या मुठीतच होत्या. मग वहिनीकडे न बघता ते म्हणाले, "सुनबाई, तुले कधी काई होत असन तं मले सांगजो." आमच्या घरात सासरा सुनेशी असं कधी बोलला नव्हता. वहिनी पदरानं तोंड झाकून आत गेली. बाबांनी मला पुढं वाचायला खूण केली. पुढं ते दोघं सुटतात, विमान येतं आणि त्यांना स्वर्गात घेऊन जातं. ते मी वाचलं नाही.